भाताच्या राशीचे गणित

लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतील पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस उतरते आणि तेथील वीजघराची चक्रे फिरविते. १९१५ साली टाटांनी हे केंद्र सुरू करून मुंबईच्या कापड-गिरण्यांस वीज पुरविली. पाण्याचा स्तंभ जितका उंच तितका तळाशी दाब अधिक, हे शास्त्रास सतराव्या शतकापासूनच अवगत होते. म्हणून नळ किती जाड हवेत ते आधी कागदावर ठरविता आले. खोपोली ज्या खालापूर तालुक्यात आहे त्याच्या शेजारीच कर्जत तालुका. तो भाताचा मुलूख. आणि भात पाण्याचा हा नियम मानीत नाही.

कणगीत भात दुप्पट उंच भरले म्हणून तळावरचा भार दुप्पट होत नाही. घर्षणामुळे बरेचसे ओझे कडांवर जाते. १८९५ साली यान्सेन नामक जर्मन अभियंत्याने धान्याच्या कोठ्यांवर प्रयोग करून दाखविले की, एका उंचीनंतर तळावरील दाब जवळजवळ वाढतच नाही. परंतु हेच घर्षण वैरीही होते. कोठीच्या निमुळत्या तोंडाशी दाणे एकमेकांस अडवून कमान धरतात आणि धान्य उतरणे थांबते. ते मोकळे करण्यास माणूस आत उतरला आणि कमान अकस्मात ढासळली, तर तो क्षणार्धात गाडला जातो. अशा अपघातांनी जगभर अनेकांचे प्राण घेतले आहेत.

कोठीचा उतार किती आणि तोंड किती रुंद असावे, याचे शास्त्र जेनिके यांनी अमेरिकेतील यूटा विद्यापीठातून १९६४ साली ग्रंथरूपाने मांडले. पुढे १९७९ साली कंडॉल व स्ट्रॅक या दोघांनी निराळीच वाट दाखविली. राशीस एक वस्तू न मानता प्रत्येक कण सुटा धरावयाचा. तो कोणास टेकला, किती दाबला, किती घसरला हे संगणकाने काढावयाचे. न्यूटनच्या नियमाने त्यास अल्पसा पुढे सरकवावयाचे आणि पुन्हा तोच हिशेब! हजार दाण्यांचे वजन २५ ग्रॅम धरल्यास एका क्विंटलात ४० लाख दाणे होतात. यावरून ह्या खटाटोपाची कल्पना यावी.

त्यांचे कण मात्र गोल चकत्या होत्या. भाताचा दाणा लांबट, खरखरीत. कर्जतला १९१९ पासून भात-संशोधन केंद्र आहे. तेथील निरनिराळ्या वाणांचे दाणे ज्याने पाहिले, त्यास सर्व भात एकसारखे वाहील असे वाटणार नाही. म्हणून ही विद्या शिकणारास संगणकाआधी सुपाकडे वळावे लागते. नळकांड्यात भात भरून ते हळूच वर उचलावे, पडलेल्या राशीचा उतार मोजावा आणि संगणकातील रास तशीच पडेपर्यंत घर्षणाचे आकडे बदलावे. एवढ्यानेही भागत नाही; कारण घसरण्याच्या व गडगडण्याच्या घर्षणाच्या भिन्न जोड्यांतून एकच उतार निघू शकतो. तेव्हा भोकातून भात किती वेळात रिता होतो, तेही ताडून पाहावे लागते.

ही दुसरी परीक्षा जो टाळतो, त्याच्या पडद्यावर धान्य सुरेख वाहते आणि कोठीत तुंबते. मग ते मोकळे करण्यास आत उतरावे लागते ते गणित करणारास नव्हे, तर गिरणीतील मजुरास.