खडकांतील पाण्याचा दाब

बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं येडशीवरून लातुरास पोंचली. ती अरुंद गाडी गेली. आतां त्या मार्गावर रुंद रुळांच्या गाड्या धांवतात. श्रोतेहो, अशी गाडी स्टेशनांत शिरतांना जवळच्या विहिरींतील पाण्याला तिची चाहूल लागते काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत एफ. एच. किंग यांनीं नेमकें हेंच पाहिलें आणि १८९२ सालीं प्रसिद्ध केलें. गाडी येतांच विहिरीचें पाणी किंचित् चढे, आणि गाडी जड असली म्हणजे अधिक चढे.

कारण साधें आहे. जमिनीखालचा थर भाराखालीं दबला कीं त्याच्या छिद्रांतील पाण्याचा दाब वाढतो, आणि पाणी वाट मिळेल तिकडे सरकतें. दाबांतील फरकाच्या प्रमाणांत प्रवाह वाहतो, हा नियम फ्रेंच इंजिनियर दार्सी यांनीं १८५६ सालींच मांडला होता. भूकंपाचा हादरा मात्र आणखी एक काम करतो: भेगांत बसलेला गाळ हलवून तो पाण्याची वाटच मोकळी करूं शकतो. येडशीच्या काळ्या खडकांत पाणी राहतें तें बहुतेक अशाच भेगांत आणि वरच्या मुरमांत.

परंतु पाणीच खडकाला हालवूं शकेल काय? डेन्व्हरजवळ १९६२ सालीं साडेतीन किलोमीटरांहून खोल विहिरींत सांडपाणी दाबानें सोडूं लागले, आणि लवकरच धक्के सुरू झाले. १९६६ सालीं तें बंद केलें. तरीहि सर्वांत मोठा धक्का १९६७ सालीं बसला, कारण दाब खडकांतून सावकाश पसरत होता. त्याच वर्षीं, ११ डिसेंबरला, कोयना हादरली.

म्हणून ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हां येडशीच्या उत्तरेस उगम पावणाऱ्या तेरणेवरील माकणीच्या धरणाकडे बोट दाखविलें गेलें. ज्यांचीं घरें कोसळलीं त्यांचा हा प्रश्न रास्तच होता. कांहीं शास्त्रज्ञांनीं धरणाचा संबंध शक्य मानला, कांहींनीं नाकारला. मला संशयवाद्यांचें म्हणणें अधिक पटतें. कोयनेसारखी धक्क्यांची दीर्घ मालिका माकणीपाशीं दिसली नाहीं. तथापि १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत किल्लारीस लहान धक्के बसलेच होते. कोयनेच्या परिसरांत पुढें एकवीस विंधनविहिरी खोदून त्यांतील पाण्याची पातळी मोजण्यांत आली; किल्लारीस मात्र त्या लहान धक्क्यांच्या वेळीं अशी एकहि विहीर नव्हती.