फुगवायच्या होडीची कुळकथा

फुगवायची होडी म्हणजे हवाबंद आवरणात कोंडलेली आणि माणसाला बसता येईल अशा आकारात बांधलेली हवा. तिचे अवयव चार: आवरण, सांधा, हवा भरायचे तोंड आणि आतले कप्पे. गेल्या सुमारे तीन हजार वर्षांत या चारही अवयवांची द्रव्ये बदलली, कामे मात्र तीच राहिली. नदीकाठी कुटुंबाची सहल नेणारी आजची कनू निवडतानाही याच चार गोष्टी तपासाव्या लागतात.

या कुळाची जुनी नोंद दगडात आहे. आजच्या इराकमधील निमरूद येथे असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. ८८३–८५९) याच्या राजवाड्यातील एका शिल्पपटात काही जण नदी पोहून किल्ल्याकडे पळताना कोरले आहेत. काठावरून धनुर्धारी बाण सोडत आहेत. पळणाऱ्यांपैकी दोघांच्या पोटाखाली फुगवलेली जनावराची कातडी आहेत आणि कातड्याचे तोंड त्यांनी आपल्या तोंडात धरले आहे. कातड्यातून हवा झिरपत राहते, म्हणून पोहता पोहताच ती फुंकत राहावी लागे. हा पट आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

निमरूदजवळच्या टायग्रिस नदीवर अनेक कातडी एकत्र बांधून ‘केलेक’ नावाचा तराफा तयार होत असे. बकऱ्यामेंढ्यांची कातडी फुगवून ओळीने मांडायची, वर लाकडी वाशांची चौकट बांधायची आणि माल चढवून प्रवाहाबरोबर निघायचे. कातड्यांची तोंडे वरच्या बाजूला ठेवत; एखादे सैल पडले तर वाटेतच ते पुन्हा फुगवता येई. मुक्कामाला पोहोचल्यावर लाकूड विकून टाकत आणि हवा काढलेली कातडी गाढवांवर लादून परत वरच्या गावी नेत. निमरूदचे उत्खनन करणाऱ्या ऑस्टिन हेन्री लेयार्डने १८४७ मध्ये तिथले पंखधारी बैल आणि सिंह अशाच तराफ्यांवरून बसऱ्याकडे रवाना केले. केलेकचे दोन गुण पुढे कायम राहिले. एक कातडे फुटले तरी बाकीची तारून नेतात, आणि काम संपले की होडीची घडी होते.

भारतातही हे साधन जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सैन्य नदीपार नेण्याच्या उपायांमध्ये हत्ती, पूल आणि नावांबरोबर ‘अलाबु’ म्हणजे भोपळे आणि ‘दृति’ म्हणजे कातडी पखाली यांचा उल्लेख येतो. सतलज आणि बियास या नद्यांवर फुगवलेल्या म्हशीच्या कातड्यावर पालथे पडून, एका हातात आखूड वल्हे घेऊन उतारू पार नेणारे नावाडी एकोणिसाव्या शतकातही होते. छायाचित्रकार सॅम्युअल बोर्नने १८६० च्या दशकात त्यांची छायाचित्रे घेतली. महाराष्ट्रातील नद्यांवर कातड्याऐवजी वाळलेला भोपळा चाले. दोन भोपळे किंवा दोन होड्या एकत्र बांधून केलेल्या तरंगत्या साधनाला ‘सांगड’ म्हणत. आज दोन गोष्टींची ‘सांगड घातली’ असे म्हणताना हा नदीवरचा अर्थ सहसा कोणाच्या मनात नसतो.

कातड्याची मर्यादा उघड होती. ते वाळले की तडकते, ओले राहिले की कुजते. त्याला पर्याय मिळाला तो रबराचा. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये नॅप्थ्यात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये पसरून जलरोधक कापड केले आणि त्याचे पेटंट घेतले. हे कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक पडून भेगाळे. रबरात गंधक मिसळून ते तापवले की हा दोष जातो, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी दाखवले. दोघांची पेटंटे १८४३–४४ मधली. आवरणाचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला.

होडीला प्रत्यक्ष आकार मिळाला तो एका दुर्घटनेमुळे. १८२१ च्या शरद ऋतूत ब्रिटिश शोधप्रवासी जॉन फ्रँकलिनची तुकडी उत्तर कॅनडातील कॉपरमाइन नदीशी अडकली. जवळ होडी उरली नव्हती. विलोच्या काटक्यांचा तराफा प्रवाहात टिकेना. डॉक्टर जॉन रिचर्डसन कमरेला दोर बांधून पोहत निघाले आणि गारठून बुडता बुडता वाचले. शेवटी काटक्यांच्या सांगाड्यावर मेणकापड ताणून केलेल्या छोट्या होडीतून एकेक माणूस पार झाला, पण तोवर आठवडाभर वाया गेला होता. त्या मोहिमेतल्या वीस जणांपैकी अकरा जण मेले. पाठीवर नेता येईल अशी होडी असती तर ही वेळ आली नसती, हा विचार करून ब्रिटिश नौदलातील लेफ्टनंट पीटर हॅल्केट याने १८४४ च्या सुमारास मॅकिंटॉशच्या कापडाचा एक झगा शिवला. अंगावर घातला की तो पावसाळी झगा होई. जमिनीवर पसरून भात्याने हवा भरली की चार स्वतंत्र कप्प्यांची लंबगोल होडी होई. हातातल्या काठीला पाते बसवले की वल्हे आणि छत्री उघडली की शीड, अशी बाकीची सोयही त्याने केली होती. नंतर त्याने पाठपिशवीत मावणारी दोन माणसांची होडीही बनवली. नौदलाने कल्पनेचे कौतुक केले, पण नेहमीच्या कामासाठी ती घेतली नाही. ध्रुवप्रदेशाच्या संशोधकांनी मात्र ती उचलली. जॉन रे याने १८४६–४७ च्या मोहिमेत मासेमारीची जाळी टाकायला ती वापरली. हॅल्केटची एक होडी ऑर्कनी बेटांवरील स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात अजून आहे.

त्याच सुमारास सांध्याचे महत्त्व अमेरिकेत कळून आले. अमेरिकी शोधप्रवासी जॉन फ्रेमाँटने १८४२ मध्ये प्लॅट नदीच्या घळीत रबरी होडी नेली आणि ती उलटली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो दुसरी रबरी होडी घेऊन ग्रेट सॉल्ट लेकमधील एका बेटाकडे निघाला. तिचे सांधे शिवलेले नव्हते, नुसते चिकटवलेले होते. भर सरोवरात दोन नळ्यांतून हवा सुटू लागली आणि भाता सतत चालू ठेवूनच काठ गाठावा लागला. निमरूदच्या पोहणाऱ्यांसारखीच ही वेळ होती.

विसाव्या शतकात हे तंत्र आकाशातून नदीवर आले. फ्रान्समधील झोडियाक ही कंपनी मुळात हवाई जहाजे बांधणारी. रबर चढवलेल्या कापडात वायू कोंडायचे कसब तिच्याकडे आधीपासून होते. तिथला अभियंता पिएर देब्रूतेल याने १९३४ मध्ये फुगवायच्या कयाकचा नमुना केला. फ्रेंच डॉक्टर आलँ बोंबार याने १९५२ मध्ये झोडियाकच्या फुगवायच्या होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडला. कॅनरी बेटांवरून १९ ऑक्टोबरला निघून तो २३ डिसेंबरला बार्बाडोसला पोहोचला. अशी होडी समुद्रात टिकते, याबद्दल त्यानंतर फारशी शंका उरली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेले तराफे अमेरिकेतील नद्यांवर सहलींसाठी वापरात आले.

‘कनू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा. कोलंबसाच्या प्रवासानंतर तो स्पॅनिश मार्गाने युरोपात गेला. उघडी, दोन्ही टोकांना निमुळती आणि एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची ती कनू. वरून झाकलेली आणि दोन पात्यांच्या वल्ह्याची ती कयाक. फुगवायच्या होड्यांत हा भेद पुसट झाला आहे, तरी कुटुंबासाठी उघडी कनू सोयीची, कारण मूल, डबा आणि कपड्यांची पिशवी एकाच पोटात मावतात. कुटुंबाने अशा होडीतून नदीवर जाण्याची प्रथा मध्य युरोपात चांगली रुजली. चेक प्रजासत्ताकात व्हल्टावा नदीवर विश्शी ब्रोदपासून चेस्की क्रुम्लोवपर्यंत उन्हाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे होड्या घेऊन उतरतात आणि वाटेतल्या बंधाऱ्यांवर होड्यांसाठी खास उतरणी ठेवलेल्या आहेत. त्याच देशातल्या ब्रेक्लाव येथील गुमोटेक्स ही कंपनी रबरी कनू बनवते.

तळाची सुधारणा सर्वांत अलीकडची. १९८० च्या दशकात तळ फुगवून कडेला भोके ठेवायची पद्धत रूढ झाली. आत आलेले पाणी आपोआप बाहेर जाते. दुसरी सुधारणा ‘ड्रॉप-स्टिच’ची. वरच्या आणि खालच्या कापडाला हजारो धाग्यांनी जोडले की जास्त दाबातही तळ फुगून गोल होत नाही, फळीसारखा सपाट राहतो. हे कापड मात्र त्याआधीचे; गुडइयर कंपनीने १९५६ मध्ये फुगवायचे विमान त्यानेच बांधले होते.

निवड करताना पहिला विचार आवरणाचा. पीव्हीसी स्वस्त असते; रबर चढवलेले कापड महाग, पण घडीला मऊ आणि ऊन सोसणारे. ड्यू पाँटचे ‘हायपलॉन’ यासाठी प्रसिद्ध होते. त्याचे उत्पादन २०१० मध्ये थांबले, तरी त्या जातीचे रबर इतरांकडून मिळते. दुसरा विचार कप्प्यांचा. २५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे ४९ लिटर हवा मावते, म्हणजे ती पूर्ण बुडाली तर तेवढेच किलो वजन तोलते. चार मीटरच्या दोन बाजूंचे हे बळ सुमारे ३९० किलो होते. एक बाजू फुटली तर निम्मेच उरते, म्हणून किमान तीन स्वतंत्र कप्पे हवेत: दोन बाजू आणि तळ. प्रत्यक्ष भार या आकड्याच्या बराच खाली ठेवावा, नाहीतर होडी पाण्यात खोल बसून जड चालते. तिसरा विचार तोंडाचा. फिरवून बंद होणारी, आत झडप असलेली तोंडे हवीत; खेळण्यातल्या होडीची चिमटीने दाबायची बुचे नदीवर चालत नाहीत. सपाट पाण्यावर होडी सरळ जावी म्हणून तळाखाली लावायचे सुटे पाते असेल तर उत्तम. उथळ, खडकाळ पात्रात ते काढून ठेवावे.

वापरताना दाबाकडे लक्ष हवे. काठावर २० अंश तापमानात नळीत ०.२ बार दाब भरला आणि होडी उन्हात ठेवून आतली हवा ५० अंशांवर गेली, तर तो दाब ०.३२ बारपर्यंत चढतो. अशा वेळी थोडी हवा सोडावी. गार पाण्यात उतरल्यावर ती पुन्हा भरावी लागते. अनुभवी मोठ्या माणसाने मागे बसावे, दिशा तिथूनच सांभाळली जाते. मुलाला पुढे किंवा मध्ये बसवावे. पोहता येत असो वा नसो, प्रत्येकाच्या अंगात मापाचे लाइफ जॅकेट हवे आणि दोर कोणाच्याही अंगाला बांधू नये.

नदीची निवड होडीइतकीच महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय मोजणीत प्रवाह एक ते सहा श्रेणींत मांडतात; मुलांसह पहिल्या श्रेणीपलीकडे जाऊ नये. वरून निरुपद्रवी दिसणारे ठेंगणे बंधारे सर्वांत धोक्याचे, कारण त्यांच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरते आणि होडीला व माणसाला तिथेच घोळवत ठेवते. महाराष्ट्रातील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनाही हे लागू आहे. बंधाऱ्याच्या बरेच आधी काठाला लागून होडी उचलून पलीकडे न्यावी. धरणाखालच्या नदीत पाणी वेळापत्रकाने चढते. कोलाडजवळच्या कुंडलिकेतील राफ्टिंग भिरा येथील वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावरच चालते. म्हणून पाणी कधी सुटते याची चौकशी उतरण्यापूर्वी करावी, आणि पावसाळ्यात पूर असलेली नदी कुटुंबासाठी नाहीच.

घरी आल्यावर होडी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी, विशेषतः तळ आणि नळ्या मिळतात ती फट. ओल्या घडीत वाळू घासते, बुरशी धरते आणि आधी सांधा सुटतो. पुरती वाळली की सैल घडी घालावी, उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावी, आणि पंप, गोंद व आवरणाच्याच कापडाची दोन ठिगळे त्याच पिशवीत असू द्यावीत.