क्ष-किरणांचें ऋण

मुलाला अथवा मुलीला वैद्यकाची पहिली पदवी मिळाली, कीं सुशिक्षित घरांत पुढील शाखेचा विचार सुरू होतो. अलीकडे या विचारांत क्ष-किरणनिदानाची शाखा वारंवार पुढें येते. आपल्या देशांत पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळीं वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी ज्या जागा प्रथम निवडतात, त्यांत या शाखेची गणना होते. रोग्याच्या उशापाशीं रात्री जागून काढावयास नकोत, यंत्रानें चित्र काढावें आणि डॉक्टरानें तें वाचावें, अशी या व्यवसायाविषयीं सर्वसाधारण समजूत आहे. ती किती अपुरी आहे हें समजून घ्यावयाचें तर या शाखेचा इतिहास उघडून पाहिला पाहिजे. आमच्या मतें तो इतिहास जितका यंत्रांचा आहे, त्याहून अधिक माणसांच्या हातांचा आहे.

जर्मनींतील व्युर्ट्सबुर्ग विद्यापीठांत विल्हेल्म कोनराड राँटजेन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं सायंकाळीं काळ्या पुठ्ठ्यानें झांकलेल्या निर्वात नळींतून ते विद्युत्प्रवाह सोडीत असतां, कांहीं अंतरावरील रासायनिक लेपाचा पडदा चमकूं लागला. नळींतून प्रकाश बाहेर येण्यास वाव नव्हता. तेव्हां हे कोणते तरी नवे किरण असले पाहिजेत, हें त्यांनीं ओळखलें. बीजगणितांतील अज्ञात राशीचें 'एक्स' हें नांव त्यांनीं त्या किरणांस दिलें. तेंच मराठींत 'क्ष' झालें. २२ डिसेंबर रोजीं आपल्या पत्नीचा हात त्यांनीं छायाचित्राच्या कांचेवर ठेवविला, आणि बोटांचीं हाडें व बोटांतील आंगठी यांची छाया त्या कांचेवर उमटली. या शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें, त्याची रक्कमहि त्यांनीं विद्यापीठाला देऊन टाकली.

शोध असा सर्वांस मोकळा राहिल्यामुळें तो वणव्यासारखा पसरला. पुढील वर्ष उजाडतें न उजाडतें तोंच इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें जॉन हॉल-एडवर्ड्स यांनीं हातांत रुतलेली सुई या किरणांच्या साहाय्यानें शोधून काढली. त्या काळीं या विषयाचा वेगळा असा डॉक्टर नव्हता. ज्याला वीज कळे तो, ज्याला छायाचित्रण येई तो, ज्याच्यापाशीं नळी असे तो हें काम करी. नळ्याहि मोठ्या लहरी असत; आज नीट चाललेली नळी उद्यां मंदावे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं चालक आपलाच हात नळीपुढें धरी, आणि पडद्यावर हाडें स्पष्ट दिसलीं म्हणजे नळी ठीक आहे असें समजे. दिवसांतून कितीएक वेळां, महिनोन्महिने, हा प्रकार चाले. मानवी हात हेंच या विद्येचें पहिलें मापयंत्र होतें.

त्याची किंमत भरण्यास फार दिवस लागले नाहींत. कातडी लाल होई, नखें ठिसूळ होत, जखमा भरून येत नसत, आणि शेवटीं तेथें कर्करोग होई. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेंतील क्लॅरेन्स डॅली या सहाय्यकाचे दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ सालीं तो मरण पावला. एडिसन यांनीं या किरणांवरील आपलें काम सोडून दिलें. हॉल-एडवर्ड्स यांनीं १९०८ सालीं डावा हात गमावला. फिलाडेल्फिया येथील मिहरान कसाबियन यांनीं आपल्या बिघडत चाललेल्या हातांचीं छायाचित्रें घेऊन ठेवलीं; १९१० सालीं त्यांचा अंत झाला. हँबुर्ग येथील आल्बर्स-श्यॉनबेर्ग यांनीं तर या किरणांनीं प्राण्यांस वंध्यत्व येतें, हें १९०३ सालींच दाखविलें होतें, आणि शिशाच्या आडोशाचा पुरस्कारहि केला होता. परंतु तोंवर त्यांच्या स्वतःच्या देहानें पुष्कळ किरण पचविले होते. त्यांसहि एक हात गमवावा लागला, आणि १९२१ सालीं ते निवर्तले.

या मंडळींस हुतात्मे म्हणण्याची पद्धति आहे. हँबुर्ग येथील सांक्ट गेओर्ग रुग्णालयाच्या आवारांत १९३६ सालीं त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारण्यांत आला. त्यावर पंधरा राष्ट्रांतील १६९ नांवें कोरलीं होतीं. पुढें भर पडत पडत ही संख्या साडेतीनशेंच्या वर गेली. आम्हांसहि त्या नांवांविषयीं आदर वाटतो. परंतु 'हुतात्मा' या शब्दानें एक गैरसोयीची गोष्ट झांकली जाते. बोस्टन येथील दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनीं १९०१ सालींच गिनीपिगांवर प्रयोग करून हे किरण प्राणघातक ठरूं शकतात असें दाखविलें होतें, आणि नळीभोंवतीं संरक्षक वेष्टण असावें असें सांगितलें होतें. तें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. ब्रिटनमध्यें संरक्षणाचे नियम सुचविणारी समिति निघाली ती १९२१ सालीं, आणि आंतरराष्ट्रीय समिति स्थापन झाली ती स्टॉकहोम येथें १९२८ सालीं. म्हणजे ज्ञान आणि नियम यांच्यामध्यें वीस वर्षें गेलीं. अगदीं आरंभीचे लोक अज्ञानानें मेले, हें खरें. मागाहूनचे पुष्कळ मात्र ज्ञानाकडे केलेल्या दुर्लक्षानें मेले.

मधल्या महायुद्धानें या विद्येची गरज सर्वांस पटविली. मादाम क्यूरी यांनीं क्ष-किरणांचीं यंत्रें मोटारींत बसवून तीं रणांगणाजवळ नेलीं, आणि सुमारें दीडशें स्त्रियांस तीं चालविण्याचें शिक्षण दिलें. आज रुग्णालयांत शिशाचा एप्रन घालून काम करणारे जे तंत्रज्ञ आपण पाहतों, त्यांच्या व्यवसायाच्या घडणींत या शिक्षणवर्गाचा वांटा आहे.

चालकाचा हात वांचला, तेव्हां दुसरा प्रश्न उभा राहिला: ज्याचें चित्र काढावयाचें त्याचें काय? ऑक्सफर्ड येथील डॉक्टर अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांनीं १९५६ व १९५८ सालीं दाखवून दिलें, कीं गरोदरपणीं आईच्या पोटाचें क्ष-किरणचित्र घेतलें असल्यास मुलांत कर्करोगाचें प्रमाण अधिक आढळतें. त्याच १९५८ सालीं ग्लासगोचे इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं पोटांतील चित्र मिळविण्याची रीत प्रसिद्ध केली. हीच आजची सोनोग्राफी. किरणांचें भय नसलेली ही दृष्टि प्रसूतिशास्त्रास वरदान ठरली.

आणि या निर्भय दृष्टीचाच आपल्याकडे शाप झाला. गर्भ निरोगी आहे कीं नाहीं हें पाहण्याचें साधन, तो मुलगी आहे कीं काय हें सांगण्यासाठीं वापरलें जाऊं लागलें. महाराष्ट्रानें १९८८ सालीं याविरुद्ध कायदा केला. भारतांतील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. १९९४ सालीं देशासाठीं कायदा झाला. तरीहि सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६, २००१ सालीं ९१३ आणि २०११ सालीं ८९४ अशी उतरत गेली. दोष यंत्राचा नव्हे. 'मुलगी नको' म्हणणारें मन घरांत होतें, आणि तीं सारींच घरें अशिक्षितांचीं नव्हतीं. पण त्या मनाला उत्तर देणारा कोणी तरी यंत्रापाशीं बसलेला होता, हेंहि विसरतां येत नाहीं.

येथें शंभर वर्षांच्या या इतिहासाचे दोन्ही धागे एकत्र येतात. आरंभीच्या डॉक्टरांस पाहण्याची किंमत स्वतःच्या देहानें द्यावी लागली. आजच्या डॉक्टरास पाहूनहि न सांगण्याचा संयम स्वतःच्या मनांत बाळगावा लागतो. दोन्ही ठिकाणीं नियम होण्याच्या आधींच काय योग्य तें कळूं शकत होतें. नियमांची वाट पाहिली, आणि ती प्रथम डॉक्टरांना व मग मुलींना भोंवली.

म्हणून ज्या घरांतील मुलें या शाखेकडे वळतात, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. या व्यवसायांत मिळकत आहे, मान आहे, आणि निशाजागर कमी असेल असाहि संभव आहे. परंतु ज्या खुर्चीवर बसून तो करावयाचा, ती हात गमावलेल्या माणसांनीं सुरक्षित करून ठेविली आहे. तिच्यावर बसून जें दिसेल, त्यांतील कोणतें कोणास सांगावें, आणि कोणतें मुळींच सांगूं नये, हा विवेक कोणत्याहि यंत्राबरोबर मिळत नाहीं. तो घरूनच न्यावा लागतो.