मुंबईच्या सागवानाचे म्हातारपण
शिडाचे लढाऊ जहाज थकले, की इंग्रज नौदल ते लगेच मोडीत काढत नसे. डोलकाठ्या उतरवून सांगाडा बंदरात बांधून ठेवत. त्याचे कोठार होई, तुरुंग होई, खलाशांची शाळाही होई.

मुंबई गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले सागवानी ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ साली पाण्यात उतरले. १८४२चा इंग्रज-चीन यांच्यातला नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. १८६५ पासून इंग्लंडमधल्या शीअरनेसला ते चक्क धक्का म्हणून वापरात राहिले, आणि मोडले १९५७ साली! श्रेय सागवानाचे, तितकेच ते जोडणाऱ्या मुंबईच्या सुतारांचे. त्यांची नावे इतिहासाने जपायला हवी होती.

मुंबई गोदीतच बांधलेले ‘गँजेस’ जहाज १९३० मध्ये मोडले. त्याच्या कप्तानाची खोली डेव्हनच्या किनाऱ्याजवळच्या बर्ग बेटावरील हॉटेलात बसवली गेली.