बेलवलकर, गणपतराव : भूमिका आणि तिचे नट

वि. वा. शिरवाडकर (१९१२–९९) यांच्या नटसम्राट या नाटकाचा नायक व आधुनिक मराठी रंगभूमीवरील एक मानदंडभूत भूमिका. नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी दि गोवा हिंदु असोसिएशन या संस्थेने पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या दिग्दर्शनाखाली केला. त्यात गणपतरावांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी व त्यांच्या पत्नीची, कावेरीची, भूमिका शांता जोग यांनी केली होती. या नाटकास १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ही भूमिका अनेक नटांच्या हाती गेली आणि ‘खरा बेलवलकर कोणाचा?’ हा वाद मराठी प्रेक्षकांत सुरू झाला. तो अद्यापि संपलेला नाही. या वादाचा इतिहास हा एका अर्थी नाटकाच्या प्रयोग-इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे. कारण कोणत्या नटाची आठवण टिकते व कोणाची पुसली जाते, हे त्यातून दिसते.

कथानक सुपरिचित आहे. रंगभूमीवरून निवृत्त झालेला एक थोर नट आपली सर्व मिळकत मुलांना वाटून टाकतो. मुलाच्या व मग मुलीच्या घरी त्याची व पत्नीची मानहानी होते. पत्नीच्या मृत्यूनंतर तो रस्त्यावर येतो आणि बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराच्या आश्रयाने राहतो. शेक्सपिअरच्या किंग लिअरची छाया या कथेवर उघड आहे. तथापि शिरवाडकरांनी राजाच्या जागी नट आणला, हा बदल वरवरचा नव्हे. लिअरचे राज्य गेले की ते गेलेच. बेलवलकरांचे राज्य त्यांच्या स्मरणात व वाणीत उरते. पूर्वी केलेल्या भूमिका त्यांच्या तोंडून अवचित बोलू लागतात. त्यामुळे ही भूमिका करणाऱ्या नटास एकाच वेळी एक वृद्ध गृहस्थ आणि त्या वृद्धाने गाजविलेले हॅम्लेट, ऑथेल्लो, सुधाकर असे सारे उभे करावे लागतात.

या भूमिकांची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. हॅम्लेट व ऑथेल्लो या मराठी रंगभूमीवरील गणपतराव जोशी (१८६७–१९२२) यांच्या मिरासदारीच्या भूमिका. आगरकरांच्या विकारविलसितातील हॅम्लेट आणि देवलांच्या झुंझाररावातील नायक त्यांनी शाहूनगरवासी नाटक मंडळीतून गाजविला. एकच प्याल्यातील सुधाकर (१९१९) ही गणपतराव बोडस (१८८०–१९६५) यांची कीर्ती. बेलवलकरांचे नावही गणपतराव असावे हा निव्वळ योगायोग नसावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गणपतराव जोशी यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरचा. त्या तालुक्यात आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘आमचे गणपतराव’ म्हटले की नाटकातले की खरे, हे क्षणभर कळत नाही.

एका भूमिकेवरून प्रेक्षकांत तट पडणे ही मराठी रंगभूमीवर नवी गोष्ट नव्हती. खाडिलकरांच्या संगीत मानापमानाचा (पहिला प्रयोग १२ मार्च १९११) धैर्यधर हे त्याचे ठळक उदाहरण होय. किर्लोस्कर मंडळीत ही भूमिका प्रथम नानासाहेब जोगळेकरांनी केली. पुढे केशवराव भोसले आणि त्यानंतर दीनानाथ मंगेशकर यांनी ती आपापल्या गायकीने वेगळी केली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवरावांचा धैर्यधर व बालगंधर्वांची भामिनी समोरासमोर आल्यामुळे दोन्ही पक्षांचे चाहते आपापल्या नटाचा जय पाहण्यास जमले होते. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबर १९२१ मध्ये, केशवराव निवर्तले. त्यामुळे तो निवाडा कायमचा अपुरा राहिला. संगीत नाटकातील वाद मुख्यत्वे गळ्यासंबंधीचा होता. बेलवलकरांविषयीचा वाद मात्र माणसाच्या आकलनासंबंधीचा आहे, आणि म्हणून तो अधिक खोल जातो.

डॉ. लागू (१९२७–२०१९) हे व्यवसायाने नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक. १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडून नाट्यव्यवसाय पूर्णवेळ पत्करला. अवघ्या वर्षभरानंतर हे नाटक आले. पहिल्या प्रयोगाच्या वेळी ते ४३ वर्षांचे होते. म्हणजे ज्या म्हाताऱ्याचे दर्शन प्रेक्षकांना घडले, तो संपूर्णपणे रचलेला म्हातारा होता. लागूंची वाणी स्वच्छ, शब्दाशब्दाचा अर्थ वेगळा करून दाखविणारी; शिरवाडकरांच्या काव्यमय गद्यात वाहून न जाता त्यामागील विचार पकडणारी. त्यांचा बेलवलकर मुलीच्या दारातही सम्राट राही. पहिल्याच दर्शनात हा साचा इतका भक्कम ठरला, की नंतरच्या प्रत्येक नटाकडे ‘लागूंसारखा’ किंवा ‘लागूंहून निराळा’ या दोनच दृष्टींनी पाहिले गेले.

प्रकृतीच्या कारणाने लागूंनी ही भूमिका सोडल्यावर नाटक थांबले नाही. दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त, उपेंद्र दाते अशा अनेकांनी बेलवलकर उभा केला. यांपैकी कोणी ‘बदली नट’ म्हणून पाहण्याजोगा नव्हता. दत्ता भट यांच्या बेलवलकरात सम्राटापेक्षा ‘अप्पा’ प्रबळ होता. नातीशी खेळणारा, पत्नीला लाडाने ‘सरकार’ म्हणणारा, अपमान गिळताना घरगुती माणसासारखा कोलमडणारा. दुभाषी (मृ. १९८०) यांच्याकडे तीक्ष्ण बुद्धी व चपळ विनोद होता, अकाली निधनामुळे त्यांच्या बेलवलकराचे वय वाढलेले पाहावयास मिळाले नाही. चंद्रकांत गोखले (१९२१–२००८) बालपणापासून नाटक मंडळ्यांत वाढलेले. त्यामुळे बेलवलकरांच्या जुन्या भूमिका त्यांना रचाव्या लागल्या नाहीत, त्या त्यांच्या अंगात मुरलेल्याच होत्या. यशवंत दत्तांच्या आवाजात एक जखमी आवेग होता, आणि अखेरच्या भागात तो विशेष उपयोगी पडे.

प्रेक्षकांचा निवाडा मात्र गुणावर तितका अवलंबून नसतो, जितका तो प्रथम पाहण्यावर असतो. राजापूर तालुक्यातील नाटे हे जैतापूरच्या खाडीकाठचे, यशवंतगडाच्या सान्निध्यातील गाव. येथील अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष पिढ्यानुपिढ्या मुंबईस चाकरीला. गिरगाव, परळ, दादर येथील नाट्यगृहांत पाहिलेली नाटके गणपतीच्या नि शिमग्याच्या रजेत ते गावी सांगत. अशा एका ओटीवरील वाद प्रस्तुत लेखकाने ऐकला आहे. एका वृद्धाने लागूंचा प्रयोग पाहिला होता. त्याच्या धाकट्या भावाने चार-पाच वर्षांनी दत्ता भटांचा. थोरला म्हणे, भटांचा बेलवलकर रडतो फार; धाकट्याचे उत्तर असे, की ‘दादा, तुमच्या त्या बेलवलकराला घरात ठेवायला माझीही हिंमत झाली नसती.’ दोघांनाही आपले म्हणणे सिद्ध करता येण्याजोगे नव्हते, कारण रंगभूमीवरील प्रयोग पुन्हा जसाच्या तसा दाखविता येत नाही. परंतु धाकट्याच्या बोलण्यात नाट्यसमीक्षेचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. बेलवलकरांना घराबाहेर काढणारी मुले केवळ दुष्ट आहेत काय, की या माणसाबरोबर राहणे खरोखरच अवघड आहे? लागूंच्या दर्शनात दुसऱ्या शक्यतेला वाव होता. भटांच्या दर्शनात सहानुभूती सर्वस्वी बापाकडे वळे. म्हणजे नट बदलला की मुलगा, सून, मुलगी व जावई यांचाही न्याय बदलतो.

संहिता दोन्ही बाजूंना आधार देते. आरंभीच्या सत्काराच्या प्रसंगी नटाला सम्राट व्हावेच लागते. मुलांच्या घरांतील प्रसंगांत अप्पाच चालतो, सम्राट तेथे उपरा वाटतो. रस्त्यावरच्या शेवटच्या भागात दोघेही मोडून पडलेले असतात आणि केवळ आवाज उरतो. या तिन्ही भागांत सारख्याच उंचीवर पोहोचलेला बेलवलकर प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. लागूंचा पहिला व तिसरा भाग, भटांचा दुसरा, अशी वाटणी करण्याचा मोह होतो. पण तशी वाटणी केल्यास भूमिका एकसंध राहत नाही. लागूंनी आपल्या आत्मचरित्राला लमाण हे नाव दिले. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा तो नट, ही त्यामागील कल्पना. भूमिकेवर कायमची मालकी सांगण्यास ती मुळातच प्रतिकूल आहे. त्यांच्या चाहत्यांनी मात्र ती मालकी त्यांना देऊन टाकली, आणि नाट्येतिहासाच्या बहुतेक लेखनात इतर नटांची नावे एका वाक्यात उरकली गेली. मुंबई-पुण्याबाहेरील असंख्य प्रेक्षकांनी पाहिलेला बेलवलकर कोणता, याची नोंद त्यामुळे पुरेशी झाली नाही.

परदेशात अशाच वादाचे एक विलक्षण उदाहरण आढळते. ब्रिटनच्या बीबीसी या संस्थेची डॉक्टर हू ही विज्ञानकथांवर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिचा नायक काळात व अवकाशात संचार करणारा परग्रहवासी. पहिला नट विल्यम हार्टनेल यास १९६६ मध्ये ही भूमिका सोडावी लागली, तेव्हा लेखकांनी अशी योजना केली, की मरणप्राय अवस्थेत नायकाचे शरीर पालटते आणि नवे रूप घेऊन तोच पुढे जगतो. अशा रीतीने पॅट्रिक ट्रॉटन, पुढे सर्वाधिक काळ (१९७४–८१) टॉम बेकर, व २०१७ मध्ये जोडी व्हिटाकर ही पहिली स्त्री, असे नट येत गेले. तेथील प्रेक्षकही ‘खरा डॉक्टर कोणता?’ या प्रश्नावर हिरिरीने भांडतात, आणि तेथेही बहुतेकांचा खरा डॉक्टर म्हणजे बालपणी पाहिलेला पहिला डॉक्टर. फरक एवढाच, की तेथे नट बदलण्याची तजवीज कथेनेच करून ठेवली आहे. आमच्याकडे ती सोय नाही. जाहिरातीतील नाव बदलते आणि प्रेक्षकाला ते मुकाट्याने स्वीकारावे लागते किंवा नाकारावे लागते. डॉक्टर या पात्रात अनेक नट सामावतात. बेलवलकर या नटात अनेक पात्रे सामावलेली आहेत.

१ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकर दिग्दर्शित नटसम्राट हा चित्रपट प्रदर्शित झाला व वादाची मांडणीच पालटली. नाना पाटेकर यांचा बेलवलकर उग्र, रांगडा, शब्दांपेक्षा श्वासांवर चालणारा. चित्रपटात मूळ नाटकात नसलेला रामभाऊ हा नटमित्र घालण्यात आला, ती भूमिका विक्रम गोखले (मृ. २०२२) यांनी केली. वडिलांनी, म्हणजे चंद्रकांत गोखल्यांनी, रंगमंचावर जो बेलवलकर केला, त्याच्या मित्राचे काम मुलाकडे आले. आणखी एक योग असा, की लागू, दुभाषी व पाटेकर हे तिघेही जब्बार पटेल यांच्या सिंहासन (१९७९) या चित्रपटात वेगवेगळ्या भूमिकांत एकत्र दिसून गेले होते. पाटेकर त्या वेळी नवखे होते. चित्रपट पुनःपुन्हा पाहता येतो. त्यामुळे तरुण पिढीपुरता मानदंड आता पाटेकर हाच झाला आहे, आणि ज्यांनी केवळ रंगमंचावरचे प्रयोग पाहिले त्यांच्या बाजूस आठवणीखेरीज पुरावा नाही. नाट्याच्या त्या ओटीवरचा तिसरा पक्षही हाच : थोरल्याच्या नातवाने चित्रपट मोबाइलवर लावला, तेव्हा दोघे भाऊ आयुष्यात प्रथमच एकमताने म्हणाले, की हा बेलवलकर नव्हे.

रंगमंचावर २०१८ मध्ये मोहन जोशी व रोहिणी हट्टंगडी यांनी हे नाटक नव्याने सादर केले. त्याच वर्षी गुजराती चित्रपटात सिद्धार्थ रांदेरिया यांनी, व २०२३ मध्ये रंगमार्तांड या तेलुगू चित्रपटात प्रकाश राज यांनी हीच भूमिका आपापल्या भाषेत केली.