कृषी उत्पादन शिक्षण, कम्युनिटी कॉलेजांतील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयांत, पिके व पशुधन यांच्या प्रत्यक्ष उत्पादनाविषयी दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण. आजही चालू असलेले असे सर्वांत जुने महाविद्यालय इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 मध्ये सहा विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. 1862 च्या मॉरिल कायद्यामुळे कृषी व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली होती, तर 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शालेय पातळीवरील शेतीशिक्षणाला संघराज्याचे अनुदान मिळाले. या दोहोंमध्ये राहिलेली, चार वर्षे न घालवता शेतावर परतू इच्छिणाऱ्या तरुणांची गरज कम्युनिटी कॉलेजांनी भागवली. आयोवातील सीडर रॅपिड्स येथे 1966 मध्ये स्थापन झालेले कर्कवुड हे यांपैकी एक ठळक उदाहरण होय.

असोसिएट या पदवीसाठी साधारण 60 श्रेयांक लागतात. मृदा, खते, तणनियंत्रण, पशुपोषण व यंत्रदुरुस्ती हे विषय कोणत्याही कृषी पदविकेत आढळतील असेच आहेत. या शिक्षणाचे खरे वैशिष्ट्य शेतीच्या हिशेबात आहे. मका व सोयाबीन यांच्या फेरपालटीत सोयाबीननंतरच्या मक्याला नत्रखत कमी लागते, हे शिकवताना त्या बचतीचा एकरी खर्चावर होणारा परिणामही विद्यार्थ्याकडून मांडून घेतला जातो. मालाचा स्थानिक रोख भाव व शिकागोच्या वायदे बाजारातील भाव यांतील फरकाला ‘बेसिस’ म्हणतात. धान्य लगेच विकावे की कोठारात ठेवावे, हे ठरवताना साठवणुकीच्या खर्चाबरोबर या फरकाची चाल पाहावी लागते.

वेळापत्रकाची अडचण मात्र मुळातलीच आहे. मध्य-पश्चिमेत मक्याची पेरणी एप्रिलअखेर ते मे महिन्यात, म्हणजे नेमकी वसंतसत्र संपताना होते आणि पीक वाढते ते उन्हाळी सुटीत. त्यामुळे महाविद्यालयाचे स्वतःचे शेत असले, तरी पिकाचा पूर्ण हंगाम पाहण्यासाठी उन्हाळ्यातील कार्यानुभवाला, म्हणजे शेतावर किंवा कृषी व्यवसायात केलेल्या कामाला, अभ्यासक्रमात स्थान द्यावे लागते. पुढे विद्यापीठात जाणाऱ्यांचे श्रेयांक संस्थांमधील करारांनुसार ग्राह्य धरले जातात, परंतु व्यावसायिक विषयांचे सर्वच श्रेयांक मान्य होतात असे नाही. जमीन व यंत्रे यांच्या किमती पाहता वडिलोपार्जित शेती नसलेल्या पदवीधराला केवळ या शिक्षणाच्या बळावर स्वतंत्र शेती उभारणे अवघड असते; बियाणे कंपन्या, सहकारी संस्था व धान्य कोठारे येथील नोकऱ्या हाच त्याच्यापुढील अधिक व्यवहार्य मार्ग ठरतो.