मूल कुणापाशी ठेवायचे?

पनवेलजवळच्या आमच्या ओवे गावात आवणीच्या दिवसांत हा प्रश्न पूर्वी कुणी मोठ्याने विचारीत नसे. आई चिखलात, मूल बांधावरच्या झोळीत किंवा घरी आजीपाशी. सारे आलबेल होते असे मात्र समजू नका. धाकट्याला कडेवर घेणारी थोरली बहीण शाळेबाहेर राही, हे आपण सोयीने विसरतो. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, खाचरांच्या जागी खारघरच्या इमारती आल्या. आता कितीतरी घरांतून आईबाप दोघेही सकाळी गाडी पकडतात. पण हा प्रश्न काही या इमारतींबरोबर आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांनी तो शंभर वर्षांपूर्वीच पाहिला होता.

१९२२ च्या सुमारास सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीत राबणाऱ्या बायांची पाहणी केली, तेव्हा तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल जवळजवळ घरोघर आढळली. आई कामावर असताना मूल निजून राहावे, एवढाच हेतू. त्या आयांना अडाणी म्हणणे सोपे आहे; पण रोज बुडवून घरी बसणे त्यांना परवडले असते का, ते आधी विचारा.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. तरी मालकावर तो टाकणेही त्यांनी योग्यच मानले. १९२९ मध्ये कायदा झाला आणि भार मालकावर पडला. पुढचा पेच इथूनच सुरू होतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले; १९७६ साली हा आकडा तिसावर आला. आता हिशेब पाहा. मोजायच्या कोण, तर बाया. एक बाई कमी घेतली की पाळणाघराचा खर्च वाचला! आणि सहावे वर्ष सरले की पुढे शाळा, ताप, डॉक्टर, सारे आईने आपल्या रजेतून भागवायचे.

त्याच काळात ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला, आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या भागात, दोघीजणी हाच हिशेब उलट्या टोकाने करीत होत्या. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली तरी दलित वस्तीतली मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आदिवासी आईबाप मजुरीला. थोरली मुलगी शाळेत आली तर कडेवरच्या भावंडाचे काय? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही मिळून विकासवाडी केली. ताईने पाढे म्हणावेत, धाकट्याने जवळच पाळण्यात झोपावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणात गेली. मला यातली खरी हुशारी अशी वाटते, की आईला काम सोड म्हणून कुणी सांगितले नाही आणि मुलीला भाऊ टाकून ये असेही नाही.

१९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तसा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आहार, लस, अक्षरओळख सारे तीत आले; तास मात्र थोडे. संध्याकाळी परतणाऱ्या आईची अडचण त्याने अर्धीच सुटते.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर नेली आणि पाळणाघरासाठी पन्नास कर्मचारी मोजले, बाया-पुरुष दोन्ही धरून. मूल बापाचेही असते, हे आकड्यात यायला १९४८ पासून जवळजवळ सत्तर वर्षे लागली! इमारती बांधणाऱ्यांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यात पन्नासाहून अधिक बायांचीच अट होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने मात्र निराळे केले. कामावर आयांबरोबर सहा वर्षांखालची पाच मुले आली, की एका बाईने ती सांभाळायची आणि तिला मजुरी इतरांसारखीच. इथे मोजली ती मुले.